काइसेइ गाक्को : परदेशगमनापूर्वींची शाळा

परदेशीं विद्येसाठीं जाणें हा एके काळीं जपानांत देहान्त शिक्षेचा अपराध होता. सतराव्या शतकांत तोकुगावा शोगुनांनीं देशाचे दरवाजे लावून घेतले, तेव्हांपासून सव्वादोनशें वर्षांहून अधिक काळ हा निर्बंध चालूं राहिला. १८५४ सालच्या वसंत ऋतूंत अमेरिकन आरमाराचा कमोडोर पेरी शिमोदा बंदरांत नांगर टाकून होता. त्या वेळीं योशिदा शोइन नांवाचा २३ वर्षांचा एक सामुराई आपल्या एका सोबत्यासह रात्रीच्या काळोखांत लहानशा होडींतून त्याच्या जहाजापाशीं गेला आणि आपल्याला परदेशीं घेऊन जावें अशी त्यानें विनवणी केली. जपान सरकारशीं नुकताच झालेला तह दोन अनोळखी तरुणांपायीं धोक्यांत घालावा असें पेरीला वाटलें नाहीं. त्यानें दोघांनाहि किनाऱ्यावर परत पोंचविलें. सोबती पुढल्याच वर्षीं कैदेंत वारला. योशिदाचा १८५९ सालीं, दुसऱ्या एका आरोपावरून, शिरच्छेद झाला.

या प्रसंगास एकवीस वर्षें होतात न होतात तोंच, जुलै १८७५ मध्यें, अकरा जपानी तरुण योकोहामा बंदरांतून उघडपणें, सरकारची परवानगी आणि सरकारचा पैसा घेऊन परदेशीं निघाले. ते सर्व एकाच शाळेचे विद्यार्थी होते. टोकियो शहरांतील काइसेइ गाक्को ही ती शाळा. परदेशीं विद्यार्थी पाठविण्याच्या कामीं जपाननें आरंभीं जी धांदल केली, जो पैसा आणि जे जीव दवडले, आणि मग शहाणपण येऊन विद्यार्थ्याची तयारी घरच्या वर्गांतच करून घेण्याची जी पद्धत बसविली, तिचा इतिहास बऱ्याच अंशीं या एका शाळेच्या इतिहासांत सांठवलेला आहे.

शाळेचें मूळ शोगुनांच्या अमदानींतलें. परकीयांशीं तह करावयाचे तर त्यांचे कागद वाचतां आले पाहिजेत, या निकडीपोटीं १८५६ सालीं येडो येथें, म्हणजे पुढच्या टोकियोंत, 'बान्शो शिराबेशो' या नांवाची संस्था निघाली. रानटी लोकांच्या ग्रंथांची तपासणी करणारी कचेरी, असा या नांवाचा अर्थ. पाश्चात्यांना रानटी म्हणावयाचें आणि त्यांच्याच पुस्तकांवर रात्रंदिवस डोळे फोडावयाचे, ही विसंगति सहा वर्षें खपली. १८६२ सालीं नांवांतला 'रानटी' जाऊन त्या जागीं 'पाश्चात्य' आला आणि १८६३ सालीं संस्था 'काइसेइजो' झाली. 'काइसेइ' हा शब्द 'यी चिंग' या प्राचीन चिनी ग्रंथांतील एका वचनावरून घेतलेला आहे; वस्तूंचें ज्ञान खुलें करावें आणि कार्यें सिद्धीस न्यावींत, असा त्याचा भाव. १८६८ सालीं शोगुनशाही कोसळून सम्राट् मेइजी यांच्या नांवानें नवें सरकार आलें. ज्ञान साऱ्या जगांतून मिळवावें, असें त्या सरकारनें पहिल्याच वर्षीं शपथपूर्वक जाहीर केलें होतें. त्यानें ही संस्था ताब्यांत घेतली आणि थोड्याच काळांत तिला 'दाइगाकु नान्को', म्हणजे विद्यापीठाची दक्षिणेकडील शाळा, असें नांव दिलें.

परंतु ज्ञान जगांतून आणावें असें म्हणणें सोपें. तें आणावयास कोणाला पाठवावें हा प्रश्न अवघड होता. सुरुवातीला त्याचा विचारच झाला नाहीं. चोशू संस्थानानें १८६३ सालीं पांच तरुण चोरून इंग्लंडला रवाना केले. पुढें जपानचा पहिला मुख्य प्रधान झालेला इतो हिरोबुमि हा त्यांपैकीं एक. त्या पांचांच्या प्रवासाची एक हकीकत प्रसिद्ध आहे. आपण काय शिकावयास निघालां, असें शांघाय येथील गोऱ्या व्यापाऱ्यानें विचारलें असतां आरमार या अर्थाचा इंग्रजी शब्द त्यांना आठवेना; 'नेव्हिगेशन' एवढा एकच शब्द जिभेवर आला. जहाज हांकण्याची विद्या यांना पाहिजे असें समजून त्यांतल्या दोघांना लंडनपर्यंत खलाशाचीं कामें करावयास लावण्यांत आलें. हकीकत हंसण्यासारखी आहे, पण चार महिने डेक धुणाऱ्या त्या तरुणांना ती तशी वाटली नसेल.

दुसरी हकीकत हंसण्यासारखी नाहीं. १८६६ सालीं परदेशगमनावरील बंदी उठली आणि पुढल्याच वर्षीं सेन्दाइ संस्थानानें ताकाहाशि कोरेकियो नांवाच्या १३ वर्षांच्या मुलाला अमेरिकेस पाठविलें. ज्या घरीं राहून शिकावयाचें त्या घरीं त्याला शिक्षणाऐवजीं घरकाम मिळालें. नंतर त्याच्यापुढें एक कागद ठेवण्यांत आला. दुसऱ्या घरीं राहून शिकण्याची ही व्यवस्था आहे असें समजून मुलानें सही केली. तो वेठबिगारीचा करार होता. ओकलंड येथील एका कुटुंबाला त्याचे श्रम ठराविक वर्षांसाठीं विकले गेले होते. आपण काय लिहून दिलें हें त्याला बऱ्याच दिवसांनीं कळलें आणि मोठ्या खटपटीनें सुटका करून घेऊन १८६८ सालीं तो मायदेशीं परतला. हाच मुलगा पुढें जपानच्या मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर, अर्थमंत्री आणि १९२१ सालीं मुख्य प्रधान झाला, हें खरें. पण ज्या भाषेंत सही करावयाची ती भाषा आधीं आली पाहिजे, हा धडा त्याच्या देशाला त्याच्या सहीनें मिळाला असें म्हटलें तरी चालेल.

तिसरी हकीकत कुसाकाबे तारो याची. फुकुइ संस्थानचा हा तरुण १८६७ सालीं अमेरिकेंतील रटगर्स कॉलेजांत गेला. विल्यम ग्रिफिस नांवाचा त्याच कॉलेजचा एक विद्यार्थी त्याला लॅटिन शिकवीत असे. कुसाकाबे गणितांत वर्गाच्या अग्रभागीं होता. पण परकी भाषा, परकी हवा आणि परकें अन्न या तिहींशीं एकाच वेळीं झुंजतांना त्याची प्रकृति ढांसळली. पदवी अगदीं तोंडावर आली असतां १८७० च्या एप्रिलांत तो क्षयानें वारला आणि त्या कॉलेजच्या गांवींच त्याला मूठमाती मिळाली. त्याच्याच संस्थानच्या बोलावण्यावरून ग्रिफिस शिक्षक म्हणून जपानला आला.

नवें सरकार आल्यानंतर परदेशीं जाणाऱ्यांचा लोंढाच लागला. संस्थानिकांचे आप्त, दरबारी उमरावांचे मुलगे, वजनदार अधिकाऱ्यांच्या मर्जींतले सामुराई, ज्याची शिफारस बळकट तो जहाजावर चढे. कित्येकांना लंडन-न्यूयॉर्कला पोंचल्यावर मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागे. दोन वर्षें भाषेंतच संपत. शिक्षणखात्याच्या पैशाचा मोठा वाटा अशा रीतीनें परदेशच्या खानावळींत खर्च होऊं लागला. अखेर १८७३ च्या डिसेंबरांत सरकारनें एक कठोर हुकूम काढला : सरकारी खर्चानें परदेशीं शिकत असलेल्या सर्व विद्यार्थ्यांनीं परत यावें. त्यांत नालायक होते तसे लायकहि होते. चांगला चाललेला अभ्यास अर्धवट सोडून कांहींना गाशा गुंडाळावा लागला. हा अन्याय होता. परंतु या हुकुमामुळेंच सरकारचें लक्ष घरच्या शाळेकडे वळलें, हेंहि नाकारतां येत नाहीं.

ती घरची शाळा तोंपर्यंत कशी होती? ग्रिफिस १८७१ च्या आरंभीं ती पाहावयास गेला होता आणि आपल्या ग्रंथांत त्यानें तिचें वर्णन केलें आहे. हजाराच्या आसपास विद्यार्थी, पायांत खडावा, डोक्यावर बांधलेला बुचडा, कमरेला दोन दोन तरवारी. शिकविणाऱ्या परकीयांत कांहीं खरे विद्वान होते. पण कांहीं बंदरांतून उचलून आणलेले खलाशी, सोजीर, कारकून आणि दारूच्या गुत्त्यांत पेले भरणारेहि होते. इंग्रजी ज्याची मातृभाषा तो इंग्रजीचा शिक्षक, एवढीच तेव्हांची परीक्षा. १८७० च्या नोव्हेंबरांत याच शाळेच्या दोन इंग्रज शिक्षकांवर रात्रीच्या वेळीं रस्त्यांत तरवारीनें हल्ला झाला होता. परकीयांविषयींचा द्वेष आणि परकीय विद्येची भूक हीं दोन्ही त्या काळीं एकाच गल्लींत राहत होतीं.

शाळेला वळण लावण्याचें श्रेय प्रामुख्यानें ग्विडो व्हर्बेक याजकडे जातें. हा जन्मानें डच, पुढें अमेरिकेंत जाऊन मिशनरी झालेला आणि १८५९ सालीं नागासाकीस आलेला. ख्रिस्ती धर्माचा उपदेश करण्यास जपानांत तेव्हां बंदी होती. म्हणून तो इंग्रजी, राज्यशास्त्र आणि गणित शिकवीत बसला. पुढें मुख्य प्रधान झालेला ओकुमा शिगेनोबु हा त्याचा तेथला शिष्य. नव्या सरकारनें १८६९ सालीं व्हर्बेकला राजधानींत बोलावून घेतलें आणि या शाळेची सूत्रें त्याच्या हातीं दिलीं. त्याला महिना ६०० येन पगार होता. राज्याचा सर्वश्रेष्ठ मंत्री सान्जो सानेतोमि याला ८०० येन मिळत, हें लक्षांत घेतलें म्हणजे परकी शिक्षकाच्या एका खुर्चीची किंमत देशाला केवढी पडत होती हें कळतें. या खुर्च्या लवकर रिकाम्या करावयाच्या आणि त्यांवर आपलीं माणसें बसवावयाचीं, हा सरकारचा हेतु पहिल्यापासूनच होता.

विद्यार्थी कोठून आणावयाचे याची एक नामी योजना १८७० सालीं निघाली. प्रत्येक संस्थानानें आपले निवडक तरुण सरकारला जणूं नजराणा म्हणून पाठवावेत, वय १६ ते २०. ज्या संस्थानाचें उत्पन्न दीड लाख कोकु तांदुळांहून अधिक, त्यानें तीन, पन्नास हजारांहून अधिक, त्यानें दोन, बाकीच्यांनीं एक. असे सुमारें ३१० तरुण जमा झाले. ही कल्पना ज्या दोघांनीं सरकारपुढें मांडली त्यांत ओगुरा शोहेइ हा ह्यूगा प्रांतांतील ओबी या लहान संस्थानचा सामुराई होता, आणि त्यानेंच आपल्या संस्थानांतून कोमुरा जुतारो नांवाच्या एका किरकोळ अंगलटीच्या मुलाचें नांव पुढें केलें. ओगुरा स्वतः १८७७ सालीं साइगोच्या बंडांत सामील झाला आणि त्या बंडांतच त्याचा अंत झाला. ज्या नव्या राजवटीला त्यानें कोमुरा दिला तिच्याविरुद्धच त्यानें शस्त्र उचललें. इतिहासांत अशीं उदाहरणें विरळा नाहींत.

शाळेंत शिकण्याचे दोन मार्ग होते. एक 'हेन्सोकु', म्हणजे आडवाटेचा : जपानी शिक्षकाजवळ बसून पुस्तकांतल्या वाक्यांचा अर्थ लावावयाचा, उच्चार कसाहि होवो. दुसरा 'सेइसोकु', म्हणजे रीतसर : परकी शिक्षकाकडून अक्षरोच्चारापासून सुरुवात करून त्याच्याच भाषेंत ऐकावयाचें, बोलावयाचें, गणित आणि भूगोलहि त्याच भाषेंत शिकावयाचा. वयानें वाढलेल्या, चिनी विद्येंत मुरलेल्या सामुराईंना पोराबाळांसारखे स्वर घोकणें अपमानाचें वाटे. ते पहिल्या मार्गानें जात. परंतु परदेशच्या वर्गांत बसून व्याख्यान समजेल, असा विद्यार्थी दुसऱ्या मार्गानेंच तयार होई. १८७१ सालीं संस्थानें खालसा झालीं; त्याच वर्षाच्या शरदांत शाळा कांहीं दिवस चक्क बंद ठेवून संस्थानांनीं पाठविलेल्या सर्वांना रजा देण्यांत आली आणि निवडून घेतलेल्यांनाच परत प्रवेश मिळाला. कुळ आणि शिफारस यांची सद्दी त्या दिवशीं संपली. कोमुरा या चाळणींतून टिकला.

१८७२ सालच्या नव्या शिक्षणविषयक कायद्यानें शाळेचा दर्जा 'पहिल्या विद्यापीठ-विभागांतील पहिली माध्यमिक शाळा' असा ठरला. याच सुमारास होरेस विल्सन नांवाच्या अमेरिकन शिक्षकानें मुलांच्या हातीं चेंडू आणि दांडू दिला. जपानांतील बेसबॉलचा उगम येथेंच झाला असें मानतात. १८७३ सालीं शाळेला 'काइसेइ गाक्को' हें नांव परत मिळालें आणि कांडा भागांतील निशिकि-चो येथील नव्या इमारतीचें उद्घाटन ऑक्टोबरांत खुद्द सम्राटांच्या उपस्थितींत झालें.

त्याच वर्षीं एक नाजूक निर्णय झाला. तोंवर शाळेंत इंग्रजी, फ्रेंच व जर्मन असे तीन भाषांचे वर्ग चालत. तीन भाषांत तीन वेळां रसायन आणि तीन वेळां कायदा शिकविणें परवडणारें नव्हतें. म्हणून उच्च शास्त्रें एका इंग्रजींतूनच शिकवावींत असें ठरलें. ज्यांनीं तीन तीन वर्षें फ्रेंच किंवा जर्मन घोकलें होतें त्यांची यांत ओढाताण झाली. त्यांच्यासाठीं फ्रेंचमधून एक शास्त्रवर्ग आणि जर्मनमधून एक खनिजविद्येचा वर्ग तात्पुरता चालविण्यांत आला. तोहि १८७५ सालीं बंद झाला.

इंग्रजी शाखेंत मात्र कामाला खरा रंग चढला. १८७४ सालीं इंग्लंडहून विल्यम ग्रिग्सबी कायदा शिकविण्यास आणि रॉबर्ट ॲटकिन्सन रसायन शिकविण्यास आले. ॲटकिन्सन हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील प्रोफेसर विल्यमसन याचा शिष्य. येथें आतां बंदरांतले कारकून शिकवीत नव्हते. विद्यार्थी इंग्रजींत टिपणें काढीत, इंग्रजींत परीक्षा देत, प्रयोगशाळेंत स्वतःच्या हातानें द्रव्यांचें पृथक्करण करीत. परदेशच्या कॉलेजांत गेल्यावर जें करावयाचें तें सर्व येथेंच, आपल्या घरचा भात खात, त्यांच्या अंगवळणीं पडत होतें. कुसाकाबेला ज्या तीन ओझ्यांखालीं प्राण गमवावा लागला त्यांतलें निदान एक ओझें, भाषेचें, शाळेनें आधींच उतरवून ठेवलें होतें.

शाळेचा प्रमुख या वेळीं हाताकेयामा योशिनारि हा होता. सात्सुमा संस्थानानें १८६५ सालीं इंग्लंडला चोरून पाठविलेल्या मंडळींपैकीं हा एक. पुढें रटगर्सलाहि शिकलेला. विनातयारी परदेशीं जाण्याचे हाल त्यानें स्वतः सोसलेले होते. कोमुरा, हातोयामा काझुओ, साइतो शुइचिरो इत्यादि विद्यार्थ्यांनीं, आतां आम्हांला परदेशीं पाठवावें, असा अर्ज केला, तेव्हां त्यांची बाजू समजून घेणारा माणूस त्यांना लाभला. सर्वांना परत बोलावून वर्ष होतें न होतें तोंच पुन्हा विद्यार्थी पाठवावयाचे, ही गोष्ट सरकारला सहज पटणारी नव्हती. पण या वेळीं अटी निराळ्या होत्या. निवड शाळेंतल्या अभ्यासावरून व्हावयाची. कोणी काय शिकावयाचें हें आधीं ठरावयाचें. परदेशीं देखरेखीला एक जबाबदार माणूस असावयाचा. आणि मिळणारा पैसा बक्षीस नव्हे तर कर्ज, तें परत फेडावयाचें. ही शेवटची अट उमरावांच्या मुलांना कोणी कधीं घातली नव्हती.

अशा रीतीनें ते अकरा जण निघाले. नऊ अमेरिकेस गेले. बंद झालेल्या फ्रेंच वर्गांतला फुरुइचि कोइ फ्रान्सला, जर्मन वर्गांतला आन्दो कियोतो जर्मनीला. अमेरिकेंतल्यांवर देखरेख करण्यास मेगाता तानेतारो हा हार्वर्डचा कायद्याचा पदवीधर बरोबर होता. आणि परिणाम पूर्वींच्यापेक्षां इतका वेगळा निघाला कीं, त्यांत योगायोग होता असें म्हणवत नाहीं. मुळाक्षरांसाठीं कोणालाहि थांबावें लागलें नाहीं. कोमुरा हार्वर्डच्या आणि हातोयामा कोलंबियाच्या कायद्याच्या वर्गांत सरळ दाखल झाले. हातोयामानें १८७७ सालीं तेथली पदवी घेतली आणि पुढें येलचीहि उच्च पदवी मिळविली. मात्सुइ नाओकिचि कोलंबियांत रसायनाचा डॉक्टर झाला. हिराइ सेइजिरो ट्रॉय येथील रेन्सेलर संस्थेंतून स्थापत्य शिकून आला. फुरुइचि पॅरिसच्या एकोल सांत्रालमधून १८७९ सालीं उत्तीर्ण झाला. त्याच्याबद्दल अशी आख्यायिका आहे कीं, आजारांतहि तो अभ्यास सोडीना म्हणून घरमालकिणीनें एक दिवस तरी विसांवा घेण्यास विनविलें, तेव्हां आपण एक दिवस थांबलों तर जपान एक दिवस मागें पडेल, असें त्यानें उत्तर दिलें.

१८७६ सालीं दुसरी तुकडी निघाली. तींत ॲटकिन्सनचा विद्यार्थी साकुराइ जोजि हा १८ वर्षांचा मुलगा होता. तो लंडनला ॲटकिन्सनच्याच गुरूकडे, विल्यमसनकडे, गेला. होझुमि नोबुशिगे कायद्यासाठीं लंडनला राहिला. सुगिउरा जुगो शेतकी शिकावयास गेला. इंग्लंडची शेतकी म्हणजे गहूं आणि गुरेंमेंढरें, आपल्या भातखाचरांना तिचा कांहीं उपयोग नाहीं, हें लवकरच ध्यानांत येऊन तो रसायनाकडे वळला. अतिश्रमानें त्याची प्रकृति बिघडली आणि १८८० सालीं त्याला परत यावें लागलें. तयारी कितीहि केली तरी परदेशच्या एकान्ताचें ओझें शाळेला उतरवितां येत नाहीं. त्याच वर्षीं, १८७६ च्या शरदांत, शाळेचा प्रमुख हाताकेयामा अमेरिकेंतील प्रदर्शनाहून परततांना बोटीवरच वारला.

या इंग्लंडच्या विद्यार्थ्यांवर देखरेखीसाठीं नेमलेला मासाकि ताइझो हा लहानपणीं योशिदा शोइनच्या पाठशाळेंत शिकलेला होता. १८७८ सालीं एडिंबरो येथें एका प्राध्यापकाच्या घरीं त्याची रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनशीं गांठ पडली आणि बोलतां बोलतां मासाकिनें आपल्या गुरूची, त्या रात्रींच्या होडीची, हकीकत सांगितली. स्टीव्हन्सननें तीवर एक निबंध लिहून १८८० सालीं प्रसिद्ध केला. योशिदाला जो समुद्र ओलांडतां आला नाहीं तो ओलांडून त्याचा शिष्य दुसऱ्यांच्या मुलांना सांभाळावयास आला होता.

ही सारी कथा मुलग्यांची झाली. काइसेइ गाक्कोंत मुलींना जागा नव्हती. १८७१ च्या डिसेंबरांत इवाकुरा शिष्टमंडळाबरोबर सरकारनें पांच मुली अमेरिकेस पाठविल्या, त्यांतली सर्वांत धाकटी त्सुदा उमेको अवघी सहा वर्षांची होती. तिच्या तयारीचा विचार कोणीं केला नाहीं. अकरा वर्षांनीं ती परतली तेव्हां तिला इंग्रजी उत्तम येत होतें, पण मातृभाषा ती विसरून गेली होती आणि सख्ख्या आईशीं बोलावयास तिला दुभाष्या लागे. तिनें मायभाषा पुन्हा शिकून घेतली. पुढें तिनें अमेरिकेंत ८,००० डॉलरांचा निधि जमवून जपानी मुलींच्या परदेशी शिक्षणाची सोय केली आणि १९०० सालीं टोकियोंत स्वतःची इंग्रजी शाळा काढली. तयारीविना गेलेल्या मुलीनें दुसऱ्या मुलींची तयारी करून घेण्याचें काम आयुष्यभर केलें.

काइसेइ गाक्को या नांवानें शाळा फार वर्षें राहिली नाहीं. एप्रिल १८७७ मध्यें ती वैद्यकशाळेशीं जोडली जाऊन टोकियो विद्यापीठ झालें आणि तयारीचें काम त्याला जोडलेल्या पूर्वशिक्षणाच्या शाळेकडे गेलें. ज्या सुगिउरानें इंग्लंडांत प्रकृति गमावली तो १८८२ सालीं या शाळेचा प्रमुख झाला. आणि गंमत अशी कीं, १८८८ सालीं पाश्चात्यांच्या आंधळ्या अनुकरणाविरुद्ध लिहिणारें नियतकालिक ज्यांनीं काढलें त्यांतहि तो होता. वेठबिगारींतून सुटून आलेला ताकाहाशि दक्षिण शाळेंत कांहीं काळ दुय्यम शिक्षक होता. पुढें कांडांतील 'क्योरित्सु गाक्को' या खाजगी शाळेचा तो प्रमुख झाला. या शाळेनेंच नंतर 'काइसेइ' हें जुनें नांव धारण केलें.

कोमुराला परत आल्यावर बरींच वर्षें परराष्ट्रखात्यांत भाषांतरें करीत आणि बापाचें कर्ज फेडीत काढावीं लागलीं. एकच झिजलेला कोट घालून तो कचेरींत येई. त्याचें भाग्य उघडलें तें उशिरां. १९०५ सालीं पोर्ट्‌स्मथ येथें रशियाशीं तह करावयास जपानतर्फे तोच बसला होता आणि १९११ सालीं, मरणाच्या थोडे महिने आधीं, जकातीचे दर आपले आपण ठरविण्याचा हक्क त्यानें आपल्या देशाला परत मिळवून दिला. हातोयामा १८९६ सालीं लोकसभेचा अध्यक्ष झाला.

परंतु ज्या हेतूनें हे तरुण गेले होते तो शिक्षकाच्या खुर्चीशीं निगडित होता, आणि त्या दृष्टीनें १८८१ हें साल महत्त्वाचें. त्या वर्षीं ॲटकिन्सन मायदेशीं परतला आणि साकुराइ लंडनहून येऊन रसायन शिकवूं लागला. पुढल्या वर्षीं तो प्रोफेसर झाला. त्याच वर्षीं होझुमि कायदा शिकविण्यास आला. त्याला अडचण आली ती कायद्याची नव्हे, शब्दांची. त्याची पिढी इंग्रजींत ऐकून, इंग्रजींत लिहून वाढलेली. शाळेनें त्यांना परदेशासाठीं जितकें चोख तयार केलें होतें तितकेंच स्वदेशीं शिकविण्याच्या बाबतींत तें उणें पडलें होतें. विषय मनांत स्पष्ट, पण आपल्या भाषेंत त्याला नांव नाहीं. एकेक संज्ञा चिनी अक्षरांतून नव्यानें घडवावी लागे, ती वर्गांत वापरून पाहावी लागे, कधीं टाकूनहि द्यावी लागे. १९१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत होझुमिनें या दिवसांचें वर्णन करून म्हटलें आहे कीं, १८८७ च्या सुमारास कोठें शब्द बहुतेक ठरले आणि कायदा जपानींत शिकवितां येऊं लागला. तोच होझुमि पुढें उमे केन्जिरो व तोमिइ मासाआकि या दोघांसह दिवाणी कायद्याचा मसुदा करावयास बसला. तो कायदा, सर्व जपानी शब्दांत, १८९८ सालीं अंमलांत आला. आणि १८९९ सालीं परकीय वकिलातींचीं न्यायालयें बंद होऊन जपानांत राहणारे गोरेहि त्याच कायद्याखालीं आले.